जुनी २४ पटीची ऑटो लेव्हल: डेन्मार्कचा सर्वांत उंच माथा मोजायला कितपत उपयोगी?

वस्तू: ऑटो लेव्हल (दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायचं यंत्र), २४ पटीची दुर्बीण, सोबत अ‍ॅल्युमिनियमची तिवई आणि पाच मीटरचा सरकता स्टाफ, म्हणजे उभी धरायची आकडे आखलेली मोजपट्टी. सगळं जुनं. एका बांधकाम ठेकेदाराने धंदा आवरताना विकायला काढलं होतं, मला १,८०० क्रोनरला मिळालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या वर्गातल्या सगळ्या लेव्हलची रचना जवळपास एकच असते, आणि जुनं यंत्र घेताना नावापेक्षा आधीच्या मालकाने ते कसं हाताळलं याला जास्त महत्त्व आहे.

घेतली ती एका ठरावीक कामासाठी. मी होर्सेन्सला राहते आणि डेन्मार्कमधली सर्वांत उंच नैसर्गिक जागा आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. ती नेमकी कोणती, यावर इथे दीडशे वर्षांहून जास्त काळ मतं बदलत आली. ते मला स्वतः मोजून बघायचं होतं. माझे बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. कराड-सांगली भागातल्या कालव्यांवर लेव्हल लावण्यात त्यांची नोकरी गेली. उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला येणार होते, म्हणजे स्टाफ धरायला माणूसही पक्का होता. हा रिव्ह्यू त्याच कामाच्या अनुभवावर आहे. घराचा पाया किंवा फरशीचा उतार काढायला लेव्हल कशी आहे, यावर पुष्कळांनी लिहिलंय, ते मी परत लिहीत नाही.

आधी भानगड काय आहे ते सांगते, नाहीतर अशा कामाला लेव्हलच का, हे कळणार नाही. महाराष्ट्रात कळसूबाई १,६४६ मीटर आणि त्याखालोखाल साल्हेर १,५६७. मध्ये चांगला ७९ मीटरचा फरक आहे, त्यामुळे पहिल्या नंबरावरून आपल्याकडे कोणी वाद घालत नाही. डेन्मार्क म्हणजे हिमयुगात बर्फाने आणून टाकलेल्या माती-गोट्यांचा सखल देश. इथले पहिले तीन दावेदार अर्ध्या मीटरच्या आसपास दाटीने बसलेत.

सुरुवातीला मान हिमेलब्यर्गचा होता. तळ्याच्या काठावरून ही टेकडी एकदम उठते, त्यामुळे नजरेला भारी उंच वाटते. आहे मात्र १४७ मीटर. १८४७ पर्यंत लोक तिलाच देशातली सर्वांत उंच जागा मानत. मोजणी झाली आणि मान आयर बाउनेहॉयकडे गेला, १७०.३५ मीटर. तिथे १९२४ साली १३ मीटरचा मनोरा उभारला. १९२० मध्ये दक्षिण युटलंड परत डेन्मार्कला मिळालं, त्याची ती आठवण. मग १९४१ च्या मोजणीत युडिंग स्कोउहॉय पुढे आलं, १७२.५४ मीटर. पण ही उंची माथ्यावरच्या कांस्ययुगातल्या थडग्याच्या ढिगासकट आहे. ढीग वजा केला की उरतात १७०.७७. शेवटी फेब्रुवारी २००५ मध्ये नवी मोजणी झाली आणि आयर बाउनेहॉयच्या अगदी शेजारची, कोणाच्या खिजगणतीत नसलेली एक शेतातली चढण १७०.८६ मीटर भरली. तिचं नाव म्योलेहॉय. तिथे १८३८ पासून १९१७ पर्यंत आठ बाजूंची पवनचक्की होती. आता खूण म्हणून त्या चक्कीच्या जात्याचा दगड ठेवलाय.

म्हणजे म्योलेहॉय आणि आयर बाउनेहॉय यांच्यात ५१ सेंटिमीटर, आणि म्योलेहॉय आणि युडिंगमध्ये फक्त ९ सेंटिमीटर. आता हे कशाने मोजायचं?

मोबाइल तर सोडूनच द्या. मोबाइलचा जीपीएस उंचीत पाच-दहा मीटर सहज चुकतो, झाडाखाली आणखी. शिवाय उपग्रहाला समुद्रसपाटी माहीत नसते. तो पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून उंची काढतो, आणि खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या कुठे वर, कुठे खाली असते. इथे युटलंडात ती चाळीसेक मीटर वर आहे, आपल्याकडे महाराष्ट्रात साठ-सत्तर मीटर खाली. त्यामुळे दुरुस्ती न केलेला आकडा डेन्मार्कमध्ये टेकडी वाढवून दाखवतो आणि कळसूबाई पंधराशेच्या घरात नेऊन ठेवतो. बहुतेक अ‍ॅप ही दुरुस्ती आतल्या आत करतात, काही करत नाहीत. तुमचं करतं की नाही, हे समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून एकदा बघा.

हवेच्या दाबावर उंची सांगणारं घड्याळ माझ्या नवऱ्याकडे आहे. ट्रेकला ते उत्तम आहे. पण हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की उंची आठ मीटरने सरकते, आणि इथलं वारं-पावसाचं हवामान दाब तासाभरात तेवढा सहज हलवतं. एका टेकडीवरून दुसरीवर जाईपर्यंत घड्याळाचा समुद्रच वर-खाली झालेला असतो.

लेझरने विमानातून केलेली देशभराची उंचीची मोजणी ही मात्र खरोखर कौतुकाची गोष्ट आहे. डेन्मार्क सरकारने ती सगळ्यांना फुकट खुली केलीय, चाळीस-चाळीस सेंटिमीटरच्या चौकटींत. मी रात्र-रात्र ती उघडून बसते. आपल्याकडे सह्याद्रीची अशी मोजणी घरबसल्या बघायला मिळाली तर काय बहार येईल! पण तिची उभी अचूकता मोकळ्या, कडक जमिनीवर साधारण पाच सेंटिमीटर धरतात. जंगलात लेझरचे बरेचसे किरण पानांवरच अडतात, शेतात उभं पीक असतं. नऊ सेंटिमीटरच्या भांडणात पाच सेंटिमीटरची शंका म्हणजे निकाल अर्धा कच्चाच.

लेव्हल हे जुनं, साधं साधन इथे बाजी मारतं. ती समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतच नाही. तिला फक्त आडवी रेघ मारता येते, आणि दोन जागांत किती फरक आहे एवढंच कळतं. आपला प्रश्नही नेमका तेवढाच आहे. माझ्या वर्गाच्या लेव्हलची कंपन्या सांगतात ती अचूकता म्हणजे एक किलोमीटर जाऊन-येऊन मोजलं तर दोन मिलिमीटर. मीटर नव्हे, सेंटिमीटरही नव्हे.

आता यंत्राकडे येते. ऑटो लेव्हलमधलं ‘ऑटो’ म्हणजे आतला कॉम्पेन्सेटर. बारीक तारांवर टांगलेला एक प्रिझम असतो. यंत्र किंचित कललं तरी तो स्वतःच्या वजनाने लोंबून नजरेची रेघ पुन्हा आडवी करतो. त्सायस कंपनीने १९५० मध्ये अशी पहिली लेव्हल बाजारात आणली. त्याआधी डम्पी लेव्हल या जुन्या प्रकारात पातळीच्या नळीतला लांब बुडबुडा जपत काम करावं लागे. बाबा नोकरीला लागले तेव्हा खात्यात डम्पीच होती, आणि तिच्यात चित्र उलटं दिसायचं. स्टाफवरचे आकडे उलटे वाचायची त्यांना इतकी सवय झाली होती की माझ्या लेव्हलमधून पहिल्यांदा बघितल्यावर ते म्हणाले, ‘अगं, हे सुलटं वाचायला मला जरा वेळ लागेल.’

कॉम्पेन्सेटर ठीक आहे का, हे बघायची बाबांची रीत सोपी आहे आणि विकत घेताना तुम्हीही वापरू शकता. बुडबुडा मध्ये आणून स्टाफ बघा. मग तिवईच्या पायाला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. दुर्बिणीत दिसणारी आडवी तार थरथरून परत त्याच आकड्यावर यायला हवी. माझी आली. अडकलेला कॉम्पेन्सेटर थरथरतच नाही, किंवा थरथरून भलतीकडे थांबतो.

दुसरी तपासणी दोन खुंट्यांची. ती न करता जुनी लेव्हल वापरू नका. आमच्या घरासमोरच्या रस्त्याकडेला साठ मीटरवर दोन खुणा केल्या. लेव्हल बरोबर मध्ये लावली. एका खुणेवर स्टाफचा आकडा १.४३६ मीटर, दुसरीवर १.२१८, फरक ०.२१८. मध्यावरून घेतलेला हा फरक खरा असतो. दुर्बिणीची रेघ थोडी वर किंवा खाली रोखलेली असेल तरी दोन्हीकडे ती सारखीच चुकते आणि वजाबाकीत चूक निघून जाते. मग लेव्हल पहिल्या खुणेच्या अगदी जवळ नेली. आता १.५०२ आणि १.२८७, फरक ०.२१५. म्हणजे साठ मीटरला तीन मिलिमीटरची चूक. जुन्या यंत्राला हे चांगलंच आहे. मी बारीक चावी काढून स्क्रू फिरवायच्या तयारीत होते.

‘स्क्रूला हात लावू नकोस,’ बाबा म्हणाले. ‘मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेव. चूक असू दे तिच्या जागी, ती आपल्या कामात येत नाही.’

त्यांनी म्हटलं तसंच केलं आणि तेच बरोबर होतं. ज्यांना सगळं यंत्रातच दुरुस्त करून हवं असतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. मागची आणि पुढची नजर सारख्या अंतराची असली की पृथ्वीची गोलाईसुद्धा वजा होते.

टेकडीवर पोचल्यावर नवऱ्याने एक स्वाभाविक प्रश्न विचारला: एका टेकडीवर लेव्हल लावून सरळ दुसऱ्या टेकडीवर का नाही रोखायची? दोन्ही शेजारी-शेजारी तर आहेत. कारण असं, की लांबच्या नजरेत गोलाई आणि हवेतलं वक्रीभवन मिळून किलोमीटरला पावणेसात सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि तो अंतराच्या वर्गाने वाढतो. तीनशे मीटरला तो सहा मिलिमीटर. तेवढा हिशोबात धरता येईल. पण साठ मीटरला तीन मिलिमीटर चुकणारी रेघ तीनशेला पंधरा चुकेल, आणि २४ पटीतून तीनशे मीटरवरचा स्टाफ मिलिमीटरला वाचता येत नाही. सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांच्या कडा उन्हाच्या झळांत विरघळतात. आम्ही एकेक नजर तीस-पस्तीस मीटरच्या आत ठेवली. तिथे तार ठोकळ्याच्या कितव्या हिश्श्यावर आहे हे स्वच्छ दिसतं, मिलिमीटरचा अंदाज खात्रीने लिहिता येतो.

काम प्रत्यक्षात असं चालतं. ज्या जागेची उंची माहीत आहे किंवा धरली आहे तिथे बाबा स्टाफ उभा करतात, मी मागे बघून बॅकसाइट घेते. मग ते स्टाफ उचलून माझ्या पुढे जातात, मी फोरसाइट घेते. एका ठिकाणी मागची १.४८२ आली आणि पुढची ०.९३७. वजाबाकी ०.५४५, जमीन तेवढी चढली. मग मी लेव्हल उचलून पुढे, ते तिथेच. अशा चेंज पॉइंटवर, म्हणजे लेव्हल पुढे नेताना स्टाफ जिथे थांबतो तिथे, तो जागचा हलता कामा नये, फक्त तोंड फिरवायचं. बाबा स्टाफ कधी नुसता धरत नाहीत. माझ्या दिशेने किंचित पुढे झुकवतात, सावकाश मागे नेतात. तार स्टाफवर खाली उतरते, एका आकड्याशी टेकते आणि परत चढू लागते. तो सर्वांत कमी आकडा लिहायचा, कारण तेव्हाच स्टाफ ओळंब्यात असतो. स्टाफवरचा गोल बुडबुडा बिघडला असला तरी ही रीत चुकत नाही. ऊन निघालं तेव्हा त्यांनी गाडीतली छत्री मागवून लेव्हलवर धरायला लावली, एका बाजूने तापली तर यंत्र किंचित वाकतं म्हणून. लेव्हल बुक त्यांनी स्वतः आखलं होतं, खात्यात आखायचे तसं, शेरा लिहायच्या रकान्यासकट.

आयर बाउनेहॉयवरून वाट आधी थोडी उतरते आणि मग म्योलेहॉयकडे चढते. मोजणीची सगळी लाइन आम्ही वाटेवरूनच नेली, पिकात पाय घातला नाही. जाऊन परत आल्यावर सुरुवातीच्या खुणेवर तीन मिलिमीटरचा मेळ चुकला. एवढ्या अंतराला तो मला मान्य आहे. म्योलेहॉय वर निघालं अठ्ठेचाळीस सेंटिमीटरने.

अधिकृत फरक एक्कावन्न. मग तीन सेंटिमीटर गेले कुठे? लेव्हलमध्ये नाही. तेवढी तिची चूक असती तर परत आल्यावर मेळ बसला नसता. ते गेले स्टाफच्या बुडाखाली. आयर बाउनेहॉयवर मनोऱ्याला लागून असलेली जमीन बांधकामाची म्हणून आम्ही सोडली आणि गवतातला सर्वांत वरचा भाग शोधला. पण गवत म्हणजे मुळं, त्यांच्यात गुंतलेली माती, शंभर वर्षं माणसांनी तुडवलेल्या वाटा. एक फूट इकडे स्टाफ ठेवला तर दोन सेंटिमीटर चढतात, एक फूट तिकडे ठेवला तर चार उतरतात. अधिकृत मोजणीत नेमकं कुठलं ढेकूळ धरलं, ते आमच्या पायाखालचंच असेल असं नाही. म्योलेहॉयवरही तसंच. जात्याचा दगड आणून ठेवलेला, तो उंचीत धरायचा नाही हे उघड आहे, पण त्याच्या कडेची माती दगड बसवताना किती हलली असेल? यंत्र मिलिमीटर दाखवतं आणि जमीन मात्र सेंटिमीटरांत चर्चा करते. उंचीच्या शेवटच्या अंकावर हमरीतुमरीवर येणाऱ्या प्रत्येकाने एकदा गवतात स्टाफ धरून बघावा, असं मला मनापासून वाटतं.

तरीही या दोघांपुरता निकाल स्वच्छ आहे. ढेकूळ कुठलंही निवडा, अर्ध्या मीटरचा फरक त्याने उलटत नाही. म्योलेहॉय उंच. आणि गंमत म्हणजे डोळ्याला ते अजिबात पटत नाही! आयर बाउनेहॉयवर मनोरा आहे, लोक आहेत, झेंडा आहे, म्हणून तेच उंच वाटतं. लेव्हल लावून आडवी तार बघितली तेव्हा कुठे विश्वास बसला.

युडिंगला मात्र या लेव्हलचं चालत नाही, आणि रिव्ह्यूत हे स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण दोष यंत्राचा नाही. समजा रस्त्यारस्त्याने पाच किलोमीटरची लाइन टाकली. चूक अंतराच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे दोन मिलिमीटरचे साडेचार-पाच झाले. नऊ सेंटिमीटरचा निवाडा करायला ते पुरेसं आहे. अडचण वेगळीच आहे. युडिंगचा माथा बीच नावाच्या झाडांच्या जंगलात आहे, आणि माथ्यावर थडग्यांचे गोल ढीग. तुम्ही ढिगावर स्टाफ ठेवू शकता, ढिगाच्या पायथ्याशी ठेवू शकता. पण ढीग रचायच्या आधी तिथे जी जमीन होती तिच्यावर स्टाफ ठेवता येत नाही.

बाबा तिथे बराच वेळ फिरले. ढिगाच्या कडेने चालत, मधूनच बुटाच्या टाचेने पाला सारून माती बघत. मग म्हणाले, ‘हा सगळा भराव आहे. भराव धरायचा नाही. ओजीएल पाहिजे, आणि ती कोणी घेतलेली नाही.’

ओजीएल म्हणजे ओरिजिनल ग्राउंड लेव्हल, मूळ जमिनीची पातळी. कालव्याचं किंवा धरणाचं काम सुरू व्हायच्या आधी ती घेऊन लेव्हल बुकात लिहायची, ठेकेदाराची आणि खात्याची सही घ्यायची, मगच कुदळ मारायची. किती भराव घातला, किती माती काढली, त्याचं बिल त्या आकड्यांवर निघतं. एकदा भराव पडला की खालची जमीन कुठे होती हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ट्रायल पिट खणावे लागतात, काळ्या मातीचा जुना थर कुठे लागतो ते बघावं लागतं. युडिंगच्या ढिगांना हात लावता येत नाही, ते संरक्षित आहेत आणि असायलाच हवेत. मग उरतो अंदाज: कडेच्या जमिनीचा उतार ढिगाखाली पुढे नेऊन बघायचा. १७०.७७ हा आकडा दशांशाखाली दोन घरं घेऊन उभा आहे, पण त्या जमिनीवर गेल्या तीन हजार वर्षांत कोणी स्टाफ ठेवलेला नाही.

माझं मत विचाराल तर म्योलेहॉयला दिलेला मान मला योग्य वाटतो. कोणी म्हणेल, तिथेही चक्की होती, शेकडो वर्षं नांगर फिरलाय, मग तीही जमीन नैसर्गिक कशी? नांगराने माती हलते, उतारावरून थोडी खाली जाते. म्हणजे माथा झालाच तर झिजतो. कोणी बाहेरून आणून रचलेली माती तिथे दिसत नाही, आणि माझ्या लेखी भेद तिथेच आहे. हाच निकष आपल्याकडेही लावावा. महाबळेश्वरला विल्सन पॉइंटवर बांधलेल्या मनोऱ्यांवर चढून लोक सर्वांत उंच ठिकाणी उभं राहिल्याचा फोटो काढतात. उंची मोजायची तर मनोरे सोडून खालच्या जांभ्यावर स्टाफ ठेवायला हवा. कळसूबाईलाही देवळाचा कळस नाही, देऊळ ज्या कातळावर उभं आहे तो कातळ.

आता यंत्राच्या उण्या बाजू. बुडबुडा मध्ये आणला नाही तर कॉम्पेन्सेटर त्याच्या मर्यादेबाहेर जातो आणि कुठलीही सूचना न देता चुकीचा आकडा दाखवतो. त्यामुळे प्रत्येक वाचनाआधी आणि नंतर बुडबुडा बघायची सवय लावून घ्या. २४ पटीची दुर्बीण उजेडात झकास चालते, युडिंगच्या झाडीत मात्र अंधुक वाटली. ३२ पटीची असती तर बरं झालं असतं. अ‍ॅल्युमिनियमची तिवई गाडीत टाकायला हलकी, पण इथल्या वाऱ्यात तिचे पाय कापतात आणि तार नाचते. तिवईच्या मधल्या हुकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी टांगली तेव्हा ती शांत झाली. लाकडी तिवई मिळत असेल तर तीच घ्या. एकट्याने हे काम होत नाही, स्टाफ धरणारा माणूस लागतोच, आणि तो जाणता असेल तर निम्मं काम त्याचं. समुद्रसपाटीपासूनची खरी उंची हवी असेल तर सरकारी बेंचमार्कापासून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून, लाइन आणावी लागेल. आम्हाला फक्त फरक हवा होता, म्हणून आम्ही आणली नाही.

लेव्हलला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. तिवईला तीन. स्टाफला दोनच, आणि त्याचं कारण घेणाऱ्यांनी नीट वाचावं. हा सरकता स्टाफ पाच तुकड्यांचा आहे, आणि वापरून-वापरून तुकड्यांचे खटके झिजतात. पूर्ण उघडून स्टीलच्या टेपने मोजला तेव्हा दुसरा सांधा दोन मिलिमीटर खाली बसत होता. आम्ही म्हणून त्या सांध्याखालचे दोनच तुकडे वापरले. टेकड्यांचे उतार मंद होते म्हणून ते जमलं, सह्याद्रीत जमलं नसतं. शिवाय बुडाची पट्टी एका कोपऱ्यात झिजलेली, त्यामुळे स्टाफ दर वेळी त्याच बाजूने टेकवावा लागला. लेव्हल जुनी मिळाली तर तपासून बिनधास्त घ्या. स्टाफ नवा घ्या, आणि दुकानातच पूर्ण उघडून टेप लावून बघा.